कापसाच्या कोठारातला पूर्वपक्ष

हल्ली आमच्या अमरावतीत शाळाशाळांतून वादस्पर्धा होतात. मी म्हातारा म्हणून मला पहिल्या रांगेत बसवतात, गळ्यात हार घालतात आणि मग विसरून जातात. मुलं चुरुचुरु बोलतात. समोरच्याचं अर्धं ऐकतात न ऐकतात तोच त्याच्यावर तुटून पडतात. लोक टाळ्या पिटतात आणि मी मनात म्हणतो, अरे, तो काय म्हणाला ते तरी एकदा सांग. माझी ही खोड फार जुनी आहे. अकोल्याला एका दुपारी, कापसाच्या कोठारात, मी माझ्याच वयाच्या एका मुलाला बोलताना ऐकलं. त्यानंतर पुष्कळ मोठमोठे वक्ते ऐकले, पण माझ्या अंगावर तसा काटा पुन्हा आला नाही.

ते कापसाच्या तेजीचे दिवस. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, एवढंच आमच्या कानावर आलं होतं. त्या लढाईचा आणि वऱ्हाडाचा संबंध काय, हे गावातल्या शहाण्यांनाही धड सांगता येत नसे. पण आमची काळी माती एकाएकी साऱ्या जगाला हवीशी झाली होती. रस्त्यानं रात्रंदिवस बैलांच्या बंड्या चालत. बाभळींच्या काट्यांना रुईचे पुंजके लटकत. आणि आमची शाळा ओस पडत चालली होती. ज्यांच्या घरी शेती ती मुलं बंडीवर, ज्यांच्या घरी दुकान ती वजनकाट्यावर. वर्गात उरलो आम्ही भिक्षुकांची आणि कारकुनांची मुलं. आमची आणि कापसाची ओळख गादीपुरतीच.

शेतकऱ्याच्या घरचा एकच मुलगा टिकून होता, तो माझा मित्र. धामणगावच्या वाटेवर त्याचं गाव. तो शास्त्रीबुवांच्या पडवीत राहायचा. शास्त्रीबुवा आम्हाला संस्कृत शिकवत. कुणब्याच्या पोराला संस्कृत शिकवता म्हणून गावातल्या चार सोवळ्या मंडळींनी त्यांना बोल लावले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, "वेद नाही शिकवत मी, नाटक शिकवतो. नाटक जुन्यांनी सगळ्यांसाठीच केलं आहे." मंडळी आल्या वाटेनं परत गेली. तरी मुलाचं ताट मात्र पडवीतच वाढलं जायचं. शास्त्रीबुवांचा धीर घराच्या उंबऱ्यापर्यंतच पुरत असे, हेही सांगायला हवं.

त्यांच्याकडं जुन्या नाटकांच्या हाती लिहिलेल्या पोथ्या होत्या. आम्ही नाटक म्हणून दंढार तेवढी पाहिलेली. दसरा-दिवाळीला गावच्या चौकात सोंगं नाचायची, राक्षस आरडाओरडा करायचा, मेलेला वीर शेवटी उठून बसायचा आणि लोक हसतखेळत घरी जायचे. पोथीतली नाटकं त्याहून पुष्कळ वेगळी होती. राजा आणि राणीची ताटातूट व्हायची, ती श्लोकामागून श्लोक झुरायची. मला ते सगळं फार लांबण लावलेलं वाटे. माझा मित्र मात्र ऐकताना श्वास घ्यायचाही विसरे. एकदा शास्त्रीबुवा मध्येच पोथी बांधून उठले, तर हा म्हणाला, "गुरुजी, तिले एकटीले रानात ठिऊन तुमी जेवाले कसे जाता?" शास्त्रीबुवा मुकाट्यानं परत बसले. त्या दिवशी त्यांचं जेवण दुपार टळल्यावर झालं.

तर त्या साली अकोल्याच्या शाळेनं आम्हाला वादसभेचं आव्हान दिलं. दोघे त्यांचे, दोघे आमचे. विषय असा, की जुन्या नाटकांचा शेवट गोडच होतो, त्यांत मरण दाखवत नाहीत, ताटातूट झालेले भेटतातच. हे योग्य की अयोग्य? योग्य म्हणायची बाजू आमच्याकडं आली. बोलायला निवडलो गेलो मी आणि माझा मित्र.

वाद कसा करायचा, तेही शास्त्रीबुवांनी अकोल्याच्या शास्त्र्यांशी बोलून ठरवून घेतलं. जुनी रीत. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आपल्या तोंडानं मांडायचं. तेही असं, की समोरच्यानं स्वतः मान डोलावून म्हणावं, होय, हेच माझं म्हणणं. तो नाही म्हणाला तर पुन्हा मांडायचं. त्याची मान डोलल्याशिवाय आपल्या उत्तराचा एक शब्दही काढायचा नाही. सरावाच्या वेळी मी अकोलेकरांची बाजू अशी मांडली, की ती मांडणारा वेडाच ठरावा. शास्त्रीबुवा सुपारी कातरता कातरता म्हणाले, "इतका गाढव तुला अकोल्यात भेटायचा नाही. पुन्हा मांड."

अडचण होती ती अकोल्याला जाण्याची. रेलगाडी तेव्हा अकोल्यापर्यंतच आली होती. अमरावतीकडचा सगळा कापूस बंडीनं तिथवर न्यावा लागे आणि त्यापायी साऱ्या गावात भाड्याला एक बैल मिळेना. शास्त्रीबुवांनी ओळखीच्या चार दारी विचारलं, चारही ठिकाणी हात हलवत परत आले. शेवटी माझ्या मित्रानं वडिलांना निरोप धाडला. ते कापूस घेऊन अकोल्याला निघालेच होते. वाटेत आमच्यासाठी थांबले.

हा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. उंच, काटक, डोळ्यांभोवती धुळीच्या रेषा. बोलणं कमी. त्यांचा थोरला मुलगा आदल्या चैत्रात गेला होता. असाच कापूस घेऊन अकोल्याला चालला असताना वाटेत पटकी झाली आणि एका पाणवठ्याजवळ झाडाखाली सगळं आटोपलं. तेव्हापासून त्यांच्या घरात त्याचं नाव कोणी काढत नव्हतं. एवढं मला मित्राकडून माहीत होतं, तेही त्यानं एकदाच आणि दुसरीकडं बघत सांगितलेलं.

"शास्त्रीबुवा," ते बंडीवरून न उतरताच म्हणाले, "मी नेतो तुमाले. पन माह्या घरी आता बंडी हाकाले मानूस नाई राह्यला. याचं शिकनं कायच्यासाठी हाये, थे मले समजत नाई. तुमची सभा होते, थे मी पाहाले येतो. जिकला तं शिकू द्या. हारला तं याच बंडीवर बसन अन् माह्यासंगं वापस येईन."

शास्त्रीबुवांनी मित्राकडं पाहिलं. मित्र म्हणाला, "बरं बाबा." आणि पोथ्यांचं गाठोडं रुईच्या गठ्ठ्यांवर चढवू लागला. हा गेला तर त्या वर्गात माझ्याशी बोलायला कोण उरणार, हा विचार पहिल्यांदा आला, आणि तो फार वेळ टिकला.

रुईच्या गठ्ठ्यांवर बसून केलेला तो प्रवास मला अजून आवडतो. खाली मऊ, वर आभाळ. बंड्यांची रांग पुढंमागं नजर पोचेल तिथवर. हाकणारे एकमेकांना गाणी म्हणून दाखवत आणि मधूनच एकमेकांच्या बैलांची टवाळी करत. मूर्तिजापूर ओलांडल्यावर दुपारी एक पाणवठा आला. झाडांची दाट सावली होती, सगळ्या बंड्या तिथं सुटत होत्या. आमचे बैल आपणहून थांबले. मित्राच्या वडिलांनी कासरा झटकला आणि बंडी पुढं काढली. उन्हातच. शास्त्रीबुवा काही बोलणार होते, पण मित्रानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग आम्हाला सगळ्यांनाच कळलं. पुढं कितीतरी वेळ कोणी पाणी मागितलं नाही.

अकोल्याच्या शाळेची जागा अपुरी होती, म्हणून सभा एका व्यापाऱ्याच्या कोठारात ठेवलेली. तिन्ही भिंतींना छतापर्यंत रुई रचलेली. मध्ये सतरंज्या. दारावर एक रखवालदार बसला होता आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाकडून चिलीम, चकमक काढून घेत होता. वकील असो की पाटील, ठिणगीला भेद कळत नाही, असं तो सगळ्यांना ऐकवत होता. आत गेल्याबरोबर मला चमत्कारिक वाटलं. एवढी माणसं बोलत होती, पण आवाज उठतच नव्हता. रुई सगळा आवाज पिऊन टाकत होती. शब्द तोंडातून निघाला की तिथल्या तिथं बसायचा, त्याला मागून घुमारा नाही की पडसाद नाही. उन्हाच्या पट्ट्यांत बारीक तंतू तरंगत होते. देवळात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो, तसा माझा आला.

अध्यक्ष म्हणून शाळाखात्याचे एक अंमलदार आले होते, पुण्याकडचे. पूर्वपक्षाची रीत त्यांना समजावून सांगितली तेव्हा ते म्हणाले, "चालेल, पण जरा लवकर आटपा." मित्राचे वडील अगदी मागं, गठ्ठ्यांना टेकून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

अकोल्याचा पहिला मुलगा ठीक बोलला. मीही ठीक बोललो असेन, कारण मी बोलत असताना दोन-तीन माणसं पान लावत होती आणि मी संपवल्यावर त्यांनी ते तोंडात घातलं. मग अकोल्याचा दुसरा उठला. वकिलाचा मुलगा, गोरा, सडपातळ, बोलण्यात कुठं अडखळणं नाही. रीतीप्रमाणं आमचं म्हणणं मांडून, माझी मान डोलल्यावर तो म्हणाला, की नाटक जगण्यासारखं असेल तर त्यात मरणही असायला हवं. गोड शेवट म्हणजे प्रेक्षकाची फसवणूक. इतकंच बोलला आणि बसला. थोडक्यात बोलल्यामुळं ते फार टोचलं.

माझा मित्र उभा राहिला. त्याच्याकडं आमच्या बाजूचं उत्तर तयार होतं, शास्त्रीबुवांनी घोटून घेतलेलं आणि खरोखर सुंदर. माणूस दुःखातूनच नाटकाला येतो, त्याला तेच दुःख परत देऊ नये, चार घटका विसावा द्यावा, अशा धर्तीचं. पण आधी पूर्वपक्ष.

"प्रतिपक्षाचं म्हणणं असं," त्यानं पुस्तकी भाषेत सुरुवात केली, "की नाटक हा जगाचा आरसा आहे, आणि आरशानं काही लपवू नये." त्यानं अकोल्याच्या मुलाकडं पाहिलं. त्या मुलानं मान आडवी हलवली. नाही, एवढंच नाही. लोकांत थोडी चुळबुळ झाली. मित्रानं पुन्हा मांडलं, की सतत गोड शेवट पाहून माणसाचं मन दुबळं होतं. अकोल्याच्या मुलानं जरा विचार केला, पण पुन्हा नाहीच म्हणाला. "माझ्या मनात आहे ते याहून मोठं आहे," तो म्हणाला. "मला ते नीट सांगता आलं नसेल."

अध्यक्षांनी खिशातलं घड्याळ काढलं. मला वाटलं, संपलं, आता हा बंडीवर बसून जाणार. मग मित्र बोलू लागला, आणि पुस्तकी भाषा कुठल्या कुठं गेली. घरी बोलायचा तसं बोलू लागला.

"आमच्या गावात दसऱ्याले दंढार झाली. माहा भाऊ चैत्रात मेला होता. माय कोठी जात नव्हती, बाया आल्या अन् घेऊन गेल्या तिले. मी मायजवळ बसलो होतो. खेळात एक वीर पडला. त्याची माय रडून राह्यली होती, सोंगच थे, मिशा काढलेला मानूस होता, पन रडत होता. माही माय त्याच्यासंगं रडली. चैत्रापासून रडली नव्हती, तवा रडली. मले वाटलं, बरं झालं. अन् मंग थो मेलेला उठला. देव आला, पानी शिपडलं, अन् थो उठून बसला. समदे लोकं हासले. माही माय उठून घरी निंगाली. मी मांगं धावलो. इचारलं, काहून निंगाली वं? थे म्हने, तिचा पोरगा उठला, बापू."

तो थांबला.

"तवापासून थे कोनताच खेळ पाहाले गेली नाई. तुमचं म्हननं हे हाये," तो अकोल्याच्या मुलाकडं वळून म्हणाला, "का जो रडाले आला, त्याच्यासंगं शेवटवरी रडा. त्याले अर्ध्या वाटंत एकटं टाकून हासू नका. हेच होये ना?"

अकोल्याचा मुलगा उभा राहिला होता. उठायची काही गरज नव्हती. त्यानं मान डोलावली, आणि डोलावताना त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "हेच," तो म्हणाला. "हेच माझं म्हणणं. मलाही आत्ता कळलं."

मी आजवर पुष्कळ देवळं पाहिली, नद्या पाहिल्या, मोठी माणसं पाहिली. पण माणसाच्या तोंडून निघालेल्या शब्दात काय ताकद असते, ती मी त्या क्षणी पाहिली. एका मुलाच्या मनातलं, त्याला स्वतःला न सापडलेलं, दुसऱ्यानं हात घालून बाहेर काढलं होतं. आणि तेही हरवायला निघालेल्यानं. मी त्याच्या शेजारी बसलो होतो, रोज त्याच्यासोबत नदीवर जात होतो, आणि मला त्याच्याकडं मान वर करून बघायची भीती वाटली.

आता उत्तर. मान डोलली होती, वाट मोकळी होती. शास्त्रीबुवांचे ओठ हलत होते, ते त्याला पहिला शब्द आठवून देत असावेत. मित्रानं तोंड उघडलं. मिटलं. मागं उभ्या असलेल्या वडिलांकडं त्यानं एकदा पाहिलं. आपलं काय जाणार आहे ते त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. घोटलेलं उत्तर म्हणून टाकलं असतं तरी जिंकला असता, मला आजही तसंच वाटतं. पण त्यानं अकोल्याच्या मुलाला वाकून नमस्कार केला.

"माह्याजवळ याचं उत्तर नाई," तो म्हणाला, आणि बसला.

अध्यक्षांनी निकाल अकोल्याला दिला. दुसरं काही देताच आलं नसतं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. माणसं उठली, पण दाराकडं कोणी जाईना. गर्दीतून मित्राचे वडील पुढं आले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. शास्त्रीबुवा घाईघाईनं उठले आणि माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच त्यांना एका कुणब्यापुढं हात जोडताना पाहिलं.

"पाटील, ऐका माझं," ते म्हणाले.

वडिलांनी हातानंच थांबवलं. मुलाला म्हणाले, "थे दंढारीतून उठली, तवा मले वाटलं डोकं दुखून राह्यलं असन. मी बसलो तसाच. हासलोबी असन." मग म्हणाले, "तू हारला नाई, तुहं बोलनं अदूरं राह्यलं. उत्तर सापडलं का घरी येजो. थे तुह्या मायले द्याचं हाये. त्याच्या अगोदर येऊ नको." आणि दारावर चिलीम परत घेऊन ते बाहेर पडले. रिकामी बंडी त्यांनी एकट्यानं परत नेली. आम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी बंडीनं चार दिवसांनी अमरावतीला पोचलो.

माझा मित्र वडिलांचा शब्द अक्षरशः पाळणाऱ्यांपैकी होता. उन्हाळ्याची सुट्टी लागली, वर्ग रिकामा झाला, तो पडवीतच राहिला. शास्त्रीबुवांच्या साऱ्या पोथ्या त्यानं पुन्हा काढल्या. त्यांच्याशी वाद घालायचा, स्वतःशी घालायचा, माझ्याशी घालायचा. मी त्याला दोन-तीन उत्तरं सुचवली. ती ऐकून तो हसला, पण वाईट वाटेल असं नाही. पावसाळा गेला, दसरा गेला. दिवाळीची सुट्टी लागली, तरी तो गेला नाही.

त्याच सुट्टीत एका सकाळी शास्त्रीबुवांच्या दारात बंडी उभी राहिली आणि एक बाई उतरली. लहानखुरी, डोक्यावरून पदर. ती ओसरीवर चढली नाही, अंगणातच थांबली. मी आणि मित्र पडवीत पोथी उघडून बसलो होतो. तो तिला पाहून उभा राहिला आणि त्याचं तोंड एकदम लहान मुलासारखं झालं.

"माय," तो म्हणाला, "मले नाई सापडलं वं."

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "कोनालेच नाई सापडत थे. चाल, घरी जेवाले चाल. सुटी सरली का वापस येजो."

त्यानं पोथी बांधली. ती तोवर उभी होती. जाताना तिनं मलाही हाक मारली, "तूबी चाल बाप्पा, चार दिवस." मी गेलो.